परदेशजात, नगरपोलीस आणि आकडे : प्रा. एडिथ अ‍ॅबट यांच्या संशोधनाचा परिचय

१. प्रास्ताविक

परदेशातून येऊन स्थायिक झालेल्या लोकांमुळे गुन्हे वाढतात, हे विधान अमेरिकेच्या सार्वजनिक जीवनात गेली दीडशेहून अधिक वर्षे सातत्याने केले जात आहे. एकोणिसाव्या शतकात त्याचा रोख आयरिश लोकांवर होता; पुढे तो इटालियन व पूर्व युरोपीय लोकांवर वळला आणि त्यानंतर मेक्सिकन लोकांवर स्थिरावला. आरोपी बदलत गेले, आरोपाचा साचा मात्र तोच राहिला. या आरोपाच्या पुष्ट्यर्थ जे आकडे पुढे केले जातात, त्यांचा उगम बहुधा एकाच ठिकाणी असतो, तो म्हणजे स्थानिक पोलिसांच्या दप्तरात. अमुक शहरात अमुक इतक्या अटका झाल्या आणि त्यांपैकी इतके लोक परदेशात जन्मलेले होते, एवढे सांगितले की सामान्य वाचकाचे समाधान होते.

हे आकडे वस्तुतः काय मोजतात, हा प्रश्न ज्यांनी आपल्या अध्यापकीय जीवनाचा एक प्रमुख विषय केला, त्यांमध्ये शिकागो विद्यापीठाच्या प्रा. एडिथ अ‍ॅबट (१८७६–१९५७) यांचे स्थान अग्रभागी आहे. त्यांचे समग्र चरित्र देण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. वंश, स्थलांतर व स्थानिक पोलीस यंत्रणा या तिहींच्या परस्परसंबंधांविषयी त्यांनी जे संशोधन केले, त्यातील पद्धतीचा गाभा उलगडून दाखविणे आणि त्या पद्धतीला मर्यादा कोठे पडतात हे पाहणे, एवढाच उद्देश आहे.

आरंभीच दोन संज्ञांचा खुलासा करणे इष्ट होईल. ज्यांचा जन्म परदेशात झाला, पण जे अमेरिकेत राहतात, त्यांना येथे ‘परदेशजात’ म्हटले आहे. अमेरिकेत जन्मलेल्यांना ‘स्वदेशजात’ म्हटले आहे. परदेशजातांची अमेरिकेत जन्मलेली मुले गणनेत ‘स्वदेशजात’ ठरतात, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढील विवेचनातील बराचसा गुंता तिच्यातूनच निर्माण होतो.

२. जीवनक्रम

अ‍ॅबट यांचा जन्म नेब्रास्का राज्यातील ग्रँड आयलंड या गावी झाला. वडील वकील होते; आई गुलामगिरीविरोधी व स्त्रीमताधिकारवादी विचारांच्या घराण्यातील होती. नेब्रास्का विद्यापीठातून १९०१ साली पदवी घेतल्यानंतर त्यांनी शिकागो विद्यापीठात अर्थशास्त्राचा अभ्यास केला व १९०५ साली डॉक्टरेट मिळविली. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये सिडनी व बिअ‍ॅट्रिस वेब या दांपत्याच्या विचारांचा त्यांच्यावर खोल संस्कार झाला. दारिद्र्य हा व्यक्तीचा नैतिक दोष मानून चालणार नाही, तो समाजरचनेतून उद्भवणारा व म्हणून मोजता येणारा विषय आहे, ही त्यांची पुढील भूमिका या संस्काराशी सुसंगत अशीच होती.

१९०८ साली त्या शिकागोस परतल्या आणि जेन अ‍ॅडम्स यांच्या ‘हल हाउस’ या सेवाकेंद्रात राहू लागल्या. हे केंद्र परदेशजातांच्या दाट वस्तीत होते. त्यांची धाकटी बहीण ग्रेस अ‍ॅबट याच सुमारास, त्याच वर्षी स्थापन झालेल्या ‘इमिग्रंट्स प्रोटेक्टिव्ह लीग’ या संस्थेची सूत्रे पाहू लागली. ग्रेस यांनी संस्थेचे काम करावे, एडिथ यांनी संशोधन करावे, आणि एकीच्या हाती आलेली प्रकरणे दुसरीच्या अभ्यासाची सामग्री व्हावी, असा हा अनेक वर्षांचा सहयोग होता. १९२० साली शिकागो विद्यापीठात सामाजिक सेवाप्रशासनाची पदव्युत्तर शाळा निघाली. तिच्या उभारणीत सोफोनिस्बा ब्रेकिन्‌रिज यांच्यासह एडिथ यांचा मोठा वाटा होता, आणि १९२४ ते १९४२ या काळात त्या शाळेच्या अधिष्ठाता होत्या. १९२७ साली या दोघींनी ‘सोशल सर्व्हिस रिव्ह्यू’ हे त्रैमासिक सुरू केले.

३. प्रश्नाची स्थानिक पार्श्वभूमी

अ‍ॅबट शिकागोस आल्या त्या वर्षीच्या मार्च महिन्यात शहरात एक प्रकरण फार गाजले. लाझारस अ‍ॅव्हरबुक नावाचा एक तरुण ज्यू स्थलांतरित पोलीसप्रमुख जॉर्ज शिपी यांच्या घरी गेला असता तेथे गोळ्या लागून मरण पावला. तो अराजकवादी असून हत्येच्या हेतूने आला होता, असे पोलिसांनी जाहीर केले. ही गोष्ट निर्विवादपणे कधीच सिद्ध झाली नाही; परंतु तेवढ्यावरून ज्यू वस्तीत झडत्या व धरपकड झाली. जेन अ‍ॅडम्स यांनी त्या वस्तीची बाजू मांडली, आणि त्यापायी त्यांना बरीच टीका सोसावी लागली.

या प्रकरणातून जो प्रश्न उभा राहिला तो अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. एका व्यक्तीवरील संशयावरून संपूर्ण समूहाची धरपकड झाली, तर त्या वर्षीच्या अटकांच्या तक्त्यात तो समूह ठळकपणे दिसणार, हे उघड आहे. पुढील वर्षी तोच तक्ता हाती घेऊन कोणी त्या समूहाच्या ‘गुन्हेगारी प्रवृत्ती’विषयी निष्कर्ष काढला, तर तो वस्तुतः पोलिसांच्या कृतीचेच प्रतिबिंब पाहत असेल.

या काळात राष्ट्रीय पातळीवरही चौकशी चालू होती. १९०७ साली नेमलेल्या डिलिंगहॅम आयोगाने १९११ साली ४१ खंडांचा अहवाल सादर केला. त्यातील एक खंड स्थलांतर व गुन्हे या विषयास वाहिलेला होता. प्रौढ लोकसंख्येच्या वाढीच्या मानाने पाहता स्थलांतरामुळे गुन्हे अधिक वाढले, असे म्हणण्यास समाधानकारक पुरावा नाही, असे त्या खंडास मान्य करावे लागले. आयोगाचा एकंदर कल मात्र स्थलांतरावर निर्बंध घालण्याकडेच होता. पुरावा एक सांगतो व शिफारस दुसरीकडे जाते, ही विसंगती पुढेही वारंवार आढळते.

४. छेदाचा प्रश्न

१९१४ साली शिकागो नगरपालिकेने गुन्ह्यांच्या चौकशीसाठी एक समिती नेमली. राज्यशास्त्राचे प्राध्यापक व नगरसेवक चार्ल्स मेरियम हे तिचे अध्यक्ष होते. समितीचा अहवाल १९१५ साली प्रसिद्ध झाला. त्यातील आकडेवारीचा भाग एडिथ अ‍ॅबट यांनी तयार केला होता. पोलिसांच्या अटका, न्यायालयांतील शिक्षा व तुरुंगांतील नोंदी एकत्र आणून, शहराच्या लोकसंख्येशी ताडून पाहण्याचे काम त्यांनी केले. निष्कर्ष असा निघाला, की लोकसंख्येतील आपल्या वाट्याच्या मानाने परदेशजातांचे अटकांतील व शिक्षांतील प्रमाण कमीच होते. ग्रेस अ‍ॅबट यांनी त्याच वर्षी गुन्हेशास्त्राच्या नियतकालिकात हाच मुद्दा मांडला.

या निष्कर्षापेक्षाही तो ज्या रीतीने काढला ती रीत आपणांस अधिक उपयोगी आहे. कोणतेही प्रमाण म्हणजे एक अपूर्णांक. वर अंश असतो, म्हणजे अटकांची संख्या. खाली छेद असतो, म्हणजे ज्या समूहातून या अटका झाल्या त्याची संख्या. लोकांचे लक्ष अंशाकडे असते, परंतु फसगत पुष्कळदा छेदात होते.

हे स्पष्ट होण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. एका शहराची लोकसंख्या १,००,००० आहे. पैकी ६०,००० स्वदेशजात व ४०,००० परदेशजात. वर्षभरात १,००० अटका झाल्या. त्यांत दोन्ही गटांचे प्रत्येकी ५०० लोक आहेत. एकूण लोकसंख्येने भागले असता स्वदेशजातांचे प्रमाण दर हजारी ८·३ व परदेशजातांचे १२·५ येते. अर्थात परदेशजात दीडपट गुन्हेगार ठरतात. आता अटक होणारे बहुतेक लोक प्रौढ पुरुष असतात, हे लक्षात घेऊ. कामधंद्यासाठी देशांतर करणारांत प्रौढ पुरुषांचा भरणा मोठा असतो. समजा, ४०,००० परदेशजातांत ते १६,००० आहेत. उलट ६०,००० स्वदेशजातांत मुलांची संख्या मोठी आहे, आणि त्यांतली पुष्कळ मुले परदेशजातांच्याच घरची आहेत. समजा, या गटात प्रौढ पुरुष १२,००० आहेत. या संख्यांनी भागताच स्वदेशजातांचे प्रमाण दर हजारी सुमारे ४२ व परदेशजातांचे सुमारे ३१ येते. एकही अटक वाढली वा घटली नाही. केवळ योग्य छेद घेतल्याने निष्कर्ष पूर्णतः उलटला.

यात एक मार्मिक गोष्ट दडलेली आहे. परदेशजात आईबापांची लहान मुले ‘स्वदेशजात’ म्हणून मोजली गेल्याने स्वदेशजातांचा छेद फुगतो व त्यांचे प्रमाण खाली येते. म्हणजे ज्या कुटुंबावर आरोप, त्याच कुटुंबातील बालके आरोप करणाराच्या पारड्यात पडतात. गणनेच्या रकान्यांची आखणी ही निरुपद्रवी कारकुनी बाब आहे, असे मानणाराने या उदाहरणाचा विचार करावा.

५. अंशाचा प्रश्न

छेद सुधारला तरी अंश शिल्लक राहतो, आणि तेथे प्रश्न अधिक बिकट आहे. अटक म्हणजे गुन्हा नव्हे. गुन्हा घडणे, तो पोलिसांस कळणे, पोलिसांनी कोणास तरी धरणे, आरोप ठेवला जाणे, शिक्षा होणे आणि शेवटी तुरुंगात जाणे, अशा या निरनिराळ्या पायऱ्या आहेत. आणि प्रत्येक पायरीवर माणसे गळतात. कोणती माणसे गळतात व कोणती राहतात, हे त्यांच्या वर्तनाइतकेच त्यांच्या ऐपतीवर, भाषेवर व ओळखीपाळखीवर अवलंबून असते. शिकागोच्या आकड्यांत अटक झालेल्यांपैकी फार मोठा भाग पुढे निर्दोष म्हणून वा आरोप टिकत नाही म्हणून सुटलेला दिसत होता. अटकांच्या बेरजेवर भिस्त ठेवणाराच्या हिशोबात हे सारे सुटलेले लोकही ‘गुन्हेगार’ ठरतात.

तुरुंगातील संख्या घेतली तर वेगळाच दोष उत्पन्न होतो. नगर-तुरुंगात पाठविलेल्यांपैकी बहुसंख्य लोक गंभीर गुन्ह्याबद्दल आलेले नव्हते. किरकोळ अपराधाबद्दल झालेला दंड त्यांना भरता आला नव्हता. ज्याच्या खिशात पैसे होते तो न्यायालयातून घरी गेला. ज्याच्या नव्हते तो तुरुंगात गेला. तेव्हा तुरुंगाची गणना ही काही अंशी दारिद्र्याची गणना आहे. जामिनाचेही तसेच. अ‍ॅबट यांनी १९१५ व १९१६ साली तुरुंगांविषयी दोन पुस्तिका लिहिल्या. इलिनॉयमधील १०१ परगणा-तुरुंग बंद का करावेत, हा त्यांतील दुसरीचा विषय होता. जामीन देण्याची ऐपत नसलेले कच्चे कैदी, ज्यांचा गुन्हा अद्याप शाबीत व्हावयाचा आहे, त्यांना शिक्षा झालेल्यांपेक्षाही वाईट स्थितीत ठेवले जाते, याकडे त्यांनी लक्ष वेधले.

परदेशजातांच्या बाबतीत यात भाषेच्या अडचणीची भर पडे. न्यायालयात प्रामाणिक व जाणता दुभाषी नसेल, तर आरोपीस आपल्यावरील आरोप काय आहे हेही उमगत नसे. ग्रेस अ‍ॅबट यांनी १९१७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द इमिग्रंट अँड द कम्युनिटी’ या ग्रंथात परदेशजात व न्यायालय या विषयाची चर्चा आहे. अशी ही अनेक कारणे परदेशजातांचा अंश कृत्रिमपणे वाढविणारी आहेत. ती असूनही त्यांचे प्रमाण कमीच निघाले, हे १९१५ च्या निष्कर्षाचे खरे बळ होय.

अंश वाढविण्याचा आणखी एक मार्ग आहे, तो म्हणजे कायद्याने नवा गुन्हा निर्माण करणे. १९२९ च्या मार्चमधील एका कायद्याने अमेरिकेत विनापरवाना प्रवेश करणे हा फौजदारी अपराध ठरला. हा अपराध स्वदेशजात व्यक्तीला करताच येत नाही. तेव्हा अशा अपराधांची शिक्षा भोगणारे कैदी एकूण बेरजेत धरून ‘तुरुंगात परदेशजात किती’ असे विचारणे म्हणजे उत्तर आधी ठरवून प्रश्न विचारणे होय.

६. इतिहासाची साक्ष

१९२१ च्या कायद्याने अमेरिकेत प्रथमच राष्ट्रवार कोटे ठरले. १९१० च्या गणनेतील त्या त्या राष्ट्राच्या परदेशजातांच्या तीन टक्के इतक्या लोकांस दरसाल प्रवेश मिळावयाचा होता. १९२४ च्या कायद्याने हे प्रमाण दोन टक्क्यांवर आणले व आधारवर्ष मागे नेऊन १८९० केले. दक्षिण व पूर्व युरोपातून मोठ्या संख्येने लोक येऊ लागले ते त्यानंतर, म्हणूनच हे वर्ष निवडले गेले. आशियातील बहुतेक लोकांस तर प्रवेशच नाकारण्यात आला. या कायद्याच्या चर्चेत सुप्रजननवादी हॅरी लाफलिन यांनी १९२२ साली काँग्रेसच्या समितीपुढे केलेल्या प्रतिपादनास मोठे वजन मिळाले. तुरुंग, वेड्यांची इस्पितळे इत्यादी संस्थांतील लोकांची राष्ट्रवार मोजदाद करून काही वंश जन्मतःच हीन आहेत, असे त्यांनी सूचित केले होते. प्राणिशास्त्रज्ञ हर्बर्ट जेनिंग्ज यांनी या हिशोबावर गंभीर आक्षेप घेतले. परंतु कायदा थांबला नाही.

याच काळात अ‍ॅबट यांनी स्थलांतरविषयक मूळ कागदपत्रांचे दोन मोठे संग्रह सिद्ध केले : १९२४ साली निवडक दस्तऐवज व प्रत्यक्ष प्रकरणांच्या नोंदी, आणि १९२६ साली प्रश्नाचे ऐतिहासिक अंग. विद्यार्थ्यांनी मते पाठ करू नयेत, मूळ कागद वाचावेत, हा त्यामागील अध्यापकीय हेतू होता. जुने कागद ओळीने वाचले असता एक गोष्ट आपोआप दृष्टोत्पत्तीस येते. दर पिढीतील तक्रारकर्ते पूर्वीच्या स्थलांतरितांचे गुणगान करतात आणि नव्यांना अपवादात्मक रीत्या धोकादायक ठरवितात. आणि आज ज्यांचे गुणगान होत आहे, त्यांच्याविषयी मागील पिढीने नेमके हेच लिहिलेले असते. १९२७ साली अ‍ॅबट यांनी अमेरिकन यादवी युद्धानंतरच्या, म्हणजे १८६५ ते १८७० या काळातील ‘गुन्ह्यांच्या लाटे’वर एक निबंध लिहिला. युद्ध, बेकारी, मंदी यांसारखी कारणे तपासून पाहिल्याशिवाय गुन्ह्यांची चढउतार एखाद्या वंशाच्या माथी मारणे किती उथळ आहे, हे अशा ऐतिहासिक अभ्यासाने ध्यानी येते.

७. विकरशॅम आयोग, १९३१

१९२९ साली राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी माजी महान्यायवादी जॉर्ज विकरशॅम यांच्या अध्यक्षतेखाली कायद्याच्या पालनाविषयी एक राष्ट्रीय आयोग नेमला. त्याने १९३१ साली एकूण चौदा अहवाल प्रसिद्ध केले. त्यांतील दहावा ‘गुन्हे व परदेशजात’ या विषयावर होता, आणि त्याचे काम अ‍ॅबट यांच्याकडे होते. शंभराहून अधिक वर्षांच्या लोकमताचा इतिहास त्यांनी स्वतः लिहिला; निरनिराळ्या शहरांतील पोलिसांकडून व तुरुंगांतून मिळालेल्या अलीकडच्या आकड्यांची छाननी अलिडा बोलर यांनी केली; मेक्सिकन लोकांविषयीच्या खास भागासाठी अर्थशास्त्रज्ञ पॉल टेलर यांच्यासारख्या अभ्यासकांनी प्रत्यक्ष पाहणी केली.

अहवालाचे प्रमुख निष्कर्ष थोडक्यात असे : आपापल्या संख्येच्या मानाने परदेशजात हे स्वदेशजातांपेक्षा बरेच कमी गुन्हे करतात. मारहाण, खून यांसारख्या शारीरिक हिंसेच्या गुन्ह्यांत त्यांचे प्रमाण स्वदेशजात गोऱ्यांच्या सर्वांत जवळ येते. लाभासाठी केलेल्या गुन्ह्यांत मात्र स्वदेशजात गोरे फार पुढे आहेत. परदेशजातांच्या मुलांविषयी, म्हणजे दुसऱ्या पिढीविषयी, कोणतेही अनुमान काढण्याइतकी माहिती उपलब्ध नाही.

हा शेवटचा निष्कर्ष विशेष आदरणीय आहे. ‘आईबाप सरळ, पण मुले बिघडली’ ही कल्पना त्या काळी प्रचलित होती, आणि तिला अनुकूल असे काही आकडे उचलून दाखविणे कठीण नव्हते. तथापि पोलिसांच्या नोंदींत आरोपीच्या आईबापांचे जन्मस्थान क्वचितच लिहिलेले असे. आणि जेथे छेदच उपलब्ध नाही तेथे प्रमाण काढता येत नाही, असे अहवालाने स्वच्छपणे सांगितले.

याच मालिकेतील अकरावा अहवाल पोलिसांच्याच बेकायदा वर्तनावर होता. कबुलीसाठी कोठडीत केल्या जाणाऱ्या छळाचे विदारक चित्र त्यात आले. दहावा व अकरावा हे दोन अहवाल एकत्र वाचावयास हवेत. पहिला पोलिसांच्या आकड्यांवर उभा आहे. दुसरा ते आकडे कसे तयार होतात ते सांगतो.

८. वर्णाचा प्रश्न व पद्धतीची मर्यादा

आतापर्यंतचे विवेचन प्रामुख्याने युरोपातून आलेल्या लोकांना लागू पडते. परंतु याच काळात शिकागोत दक्षिणेकडील राज्यांतून कृष्णवर्णीय लोक मोठ्या संख्येने येत होते. ते स्वदेशजातच होते. तरीही नव्या शहरात त्यांची स्थिती परदेशजातांहून बिकट होती. २७ जुलै १९१९ रोजी सरोवराच्या काठी एका कृष्णवर्णीय मुलाचा दगडफेकीमुळे बुडून मृत्यू झाला. ज्याच्यावर संशय होता त्या गोऱ्या इसमास अटक करण्यास तेथील शिपायाने नकार दिला, आणि त्यातून दंगल पेटली. तीत ३८ माणसे मेली. त्यांत २३ कृष्णवर्णीय व १५ गोरे होते. या दंगलीची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल १९२२ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या संशोधनाचा मोठा भार समाजशास्त्रज्ञ चार्ल्स एस. जॉन्सन यांनी वाहिला होता. कृष्णवर्णीयांस गोऱ्यांपेक्षा सहज अटक होते व सहज शिक्षा होते, अशी साक्ष या आयोगापुढे झाली, आणि त्यांच्या गुन्ह्यांचे प्रचलित आकडे विश्वसनीय नाहीत, असे आयोगाने नमूद केले.

येथे अ‍ॅबट यांच्या पद्धतीची कसोटी लागते. युरोपीय परदेशजातांच्या बाबतीत त्यांचा युक्तिवाद असा होता : पोलिसांचे आकडे पूर्वग्रहाने वाढलेले असूनही प्रमाण कमी येते, यास्तव आरोप खोटा आहे. हा युक्तिवाद प्रमाण कमी आले तरच चालतो. जेथे पूर्वग्रह इतका प्रबळ आहे की प्रमाण जास्त येते, तेथे त्याच आकड्यांवरून समूहाचे निर्दोषत्व दाखविता येत नाही, आणि दोषही सिद्ध होत नाही. तेथे आकड्यांचा अभ्यास थांबवून पोलिसांचा अभ्यास सुरू करावा लागतो. जॉन्सन यांच्या आयोगाने तो मार्ग काही अंशी चोखाळला. अ‍ॅबट यांच्या तक्त्यांत मात्र तुलनेचा मापदंड पुष्कळदा ‘स्वदेशजात गोरा’ हाच राहिला, आणि कृष्णवर्णीयांचा रकाना बाजूस पडला. परदेशजातांवरील अन्याय दूर करणाऱ्या तक्त्याने वर्णाचा प्रश्न तसाच ठेवला, ही त्याची उणीव मान्य केली पाहिजे.

मेक्सिकन लोकांच्या बाबतीत अहवाल अधिक सावध होता. त्यांच्या अटका अनेक ठिकाणी अधिक दिसत होत्या. परंतु त्यांत किरकोळ बेशिस्तीच्या आरोपांचा भाग किती, पोलिसांच्या पूर्वग्रहाचा किती, आणि हंगामी मजुरांच्या वस्तीची खरी संख्या किती, हे निश्चित नसल्याने ठाम निष्कर्ष टाळण्यात आला. पण हा संयम प्रशासनात उतरला नाही. २६ फेब्रुवारी १९३१ रोजी लॉस एंजेलिस शहरात ला प्लासिता या चौकास वेढा घालून शेकडो लोकांची चौकशी करण्यात आली. संघराज्याच्या अधिकाऱ्यांस स्थानिक पोलिसांचे साहाय्य होते. मंदीच्या त्या दशकात लक्षावधी मेक्सिकन लोक दडपणाखाली वा उघड सक्तीने देशाबाहेर गेले, आणि त्यांच्याबरोबर अमेरिकेत जन्मलेली, म्हणजे कायद्याने नागरिक असलेली, त्यांची मुलेही गेली. ज्या वर्षी पुरावा अपुरा असल्याचे एका आयोगाने लिहिले, त्याच वर्षी पुराव्याची वाट न पाहता दुसरी यंत्रणा कामास लागली होती.

९. उत्तरकालीन संशोधन

अ‍ॅबट यांच्यानंतर साधने पुष्कळ सुधारली. रॅन आब्रामित्स्की, लिआ बूस्तान प्रभृती अर्थशास्त्रज्ञांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १८७० ते २०२० या दीडशे वर्षांच्या जनगणनांतून तुरुंगवासाचे प्रमाण तपासले. या संपूर्ण काळात परदेशजातांचे प्रमाण एकंदरीने स्वदेशजातांपेक्षा अधिक नव्हते, आणि १९६० नंतर ते तुलनेने बरेच खाली गेले, असे त्यांस आढळले. टेक्सास राज्यात अटकेच्या वेळी स्थलांतरविषयक स्थितीची पडताळणी होते. तेथील २०१२ ते २०१८ च्या नोंदींवरून मायकेल लाइट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली असे दाखविले, की विनापरवाना राहणाऱ्यांचे गंभीर गुन्ह्यांतील अटकांचे प्रमाणही स्वदेशजातांपेक्षा कमी आहे.

दुसरीकडे स्थानिक पोलीस व स्थलांतर यंत्रणा यांचा संबंध अधिक घट्ट झाला. १९९६ च्या कायद्याने स्थानिक पोलिसांस करारान्वये स्थलांतरविषयक अधिकार देण्याची सोय झाली. २००८ पासून ‘सिक्युअर कम्युनिटीज’ या योजनेखाली स्थानिक कोठडीत घेतलेले बोटांचे ठसे संघराज्याच्या स्थलांतर-नोंदींशी ताडून पाहिले जाऊ लागले. ही योजना परगण्यामागून परगण्यात टप्प्याटप्प्याने लागू झाल्यामुळे अभ्यासकांस आयतीच तुलना मिळाली. थॉमस माइल्स व अ‍ॅडम कॉक्स यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गुन्ह्यांच्या प्रमाणावर तिचा दखल घेण्याजोगा परिणाम आढळला नाही. अंशाचा व छेदाचा तोच विचार येथे नव्या साधनांनी पुढे गेलेला आहे.

१०. समारोप

या अभ्यासपरंपरेचा आपल्याशीही एक प्रत्यक्ष धागा आहे. शिकागो येथे शिक्षण घेतलेले क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी मुंबईस नागपाडा नेबरहूड हाउस चालविले, आणि १९३६ साली निघालेल्या सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क या संस्थेचे ते पहिले संचालक झाले. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था होय. वस्तीत राहून प्रश्न समजून घ्यावा व त्यास संशोधनाची जोड द्यावी, ही सेवाकेंद्रांची परंपरा अशा रीतीने मुंबईत रुजली. या मातीत तिला तपासावयास विषयही तयार होता. १८७१ च्या कायद्याने व त्याच्या पुढील विस्ताराने ज्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का बसला, त्यांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे, आणि हजेरी चुकविणे हाच स्वतंत्र अपराध होता. अशा जमातींच्या शिक्षांचे आकडे मोठे दिसले तर नवल ते काय? कायदा १९५२ साली रद्द झाला. त्याच्या छायेत तयार झालेली दप्तरे व धारणा मात्र एका दिवसात रद्द होत नाहीत. विनापरवाना प्रवेशाचा अपराध व हजेरीचा अपराध हे तर्कदृष्ट्या एकाच कुळातील आहेत.

तेव्हा एखाद्या समूहाच्या गुन्हेगारीविषयीचा तक्ता हाती आला असता अभ्यासकाने तीन गोष्टी क्रमाने विचाराव्यात. छेद कोणता घेतला आहे, आणि त्यात वय व लिंग यांचा विचार झाला आहे काय? अंशातील नोंद कोणत्या पायरीवरची आहे, आणि त्या पायरीपर्यंत कोण पोहोचतो व कोण वाटेत सुटतो? हा अपराध दोन्ही समूहांस सारखाच करता येण्याजोगा आहे काय? या प्रश्नांची उत्तरे मिळत नसतील तर त्या तक्त्यावरून पोलिसांच्या कामकाजाविषयी काही सांगता येईल, समूहाच्या स्वभावाविषयी काहीही सांगता येणार नाही.

अ‍ॅबट यांच्या निष्कर्षांमुळे १९२४ चा कायदा बदलला नाही. राष्ट्रवार कोट्यांची ती पद्धती १९६५ साली मोडली, म्हणजे त्यांच्या निधनानंतर आठ वर्षांनी. त्यावरून संशोधन निष्फळ ठरले, असे अनुमान काढणे योग्य होणार नाही. एखादा आरोप पुनःपुन्हा होणार असेल, तर त्याचे परीक्षणही पुनःपुन्हा करता येईल अशी साधने तयार ठेवणे, हे विद्यापीठीय संशोधनाचे कर्तव्यच आहे. ते त्यांनी बजावले. आणि जेथे पुरावा नव्हता तेथे तो नसल्याचे लिहून ठेवले. पदव्युत्तर अभ्यासकांनी त्यांच्याकडून घ्यावयाचा धडा या दुसऱ्या गोष्टीत अधिक आहे.